रूपवती राणीचे दुःख

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा प्रत्येकीने एका दिवंगत प्रसिद्ध स्त्रीचे चरित्र थोडक्यात लिहून द्यावे, असे कार्यकारिणीच्या सभेत ठरले. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, डॉक्टर आनंदीबाई ही नावे भराभर वाटून झाली. माझी पाळी आली तेव्हा मी ऑस्ट्रियाची राणी एलिझाबेथ हे नाव सांगितले. सभेत जरा हशा पिकला, आणि तो रास्तच होता. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात माझा हात चालतो तो पापड, कुरडया आणि भिशीचा हिशेब यांत. ही बाई एकदम युरोपात कशी पोहोचली, असे पुष्कळजणींना वाटले असेल. त्याचे कारण लेखाच्या ओघात येईलच. ते सांगितल्यावाचून हे चरित्र माझ्याच्याने लिहून होणार नाही.

एलिझाबेथचा जन्म २४ डिसेंबर १८३७ रोजी म्युनिक शहरी झाला. तेव्हा तो प्रदेश बव्हेरियाच्या राजघराण्याकडे होता, आज तो जर्मनीत आहे. तिचे वडील ड्यूक मॅक्स हे राजघराण्याच्या धाकट्या पातीचे. दरबारापेक्षा त्यांना घोडे, प्रवास आणि गाणेबजावणे यांचा नाद अधिक. आई लुडोविका ही मात्र राजकन्या. उन्हाळ्यात हे कुटुंब स्टार्नबर्ग सरोवराकाठी पोसेनहोफेन येथे राहायला जाई. भावंडांचा मोठा गोतावळा, रान, पाणी, कुत्री, घोडे, असे मोकळे बालपण त्या मुलीला मिळाले. घरात तिला सिसी म्हणत. मोठ्या घरच्या मुलींना लागते तसले शिस्तीचे वळण तिला फारसे लावलेच नव्हते.

१८५३ च्या ऑगस्टमध्ये आई तिला आणि थोरली बहीण हेलेन हिला घेऊन ऑस्ट्रियातील इश्ल या गावी गेली. ऑस्ट्रियाचा तरुण सम्राट फ्रान्झ योझेफ याला हेलेन दाखवायची होती. सम्राटाची आई सोफी ही लुडोविकाची सख्खी बहीण. म्हणजे मुलगा मावसभाऊ. आपल्याकडे असे नाते जुळवत नाहीत, त्यांच्या राजघराण्यांत ते चाले. पाहायला गेले थोरलीला आणि सम्राटाच्या मनात भरली पंधरा वर्षांची धाकटी. मुलगी खरोखरच देखणी होती. पण होणाऱ्या सासूबाईंनी तिला नीट निरखली आणि दात पिवळे आहेत, ते चांगले घासत जावेत, अशी सूचना केली.

एवढीशी गोष्ट. पण पुढे एलिझाबेथ चारचौघांत बोलताना ओठ जेमतेम उघडी. शब्द इतके हळू येत की समोरच्याला ऐकू येत नसे. हसलीच तर तोंड मिटून. शेवटपर्यंत तिची ही सवय सुटली नाही.

हे ऐकले तेव्हा माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. माझे दात जरा पुढे आहेत. मला पाहायला आलेल्या पाहुण्यांपैकी एका बाईंनी मला हसून दाखवायला सांगितले होते. त्या बाईंचा चेहरा मी विसरले, पण बोलताना पदर तोंडाशी धरण्याची सवय त्या दिवसापासून लागली ती आजतागायत आहे. मंडळातल्या बहुतेकजणींना तो माझा शालीनपणा वाटत आला आहे.

२४ एप्रिल १८५४ रोजी व्हिएन्नात लग्न झाले. वधू सोळा वर्षांची. राजवाड्यातले दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत बांधलेले. कोणाशी बोलावे, काय नेसावे, कोणापुढे किती वाकावे, सगळ्याला नियम. सासूबाई करड्या. त्या दुष्ट होत्या असे मी म्हणणार नाही. राज्य सांभाळण्याचा ध्यास घेतलेली ती बाई होती आणि सून म्हणजे राज्याचे एक काम, असे तिला वाटे. १८५५ मध्ये पहिली मुलगी झाली. तिचे नाव सोफी ठेवले, तेही आईला न विचारता. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी गिझेला. दोन्ही लेकरांच्या खोल्या आजीच्या दालनाजवळ. आईने भेटायला जायचे तर जिने चढून जायचे, आणि तेथे आजी बसलेलीच.

१८५७ साली एलिझाबेथने हट्ट करून दोन्ही मुलींना हंगेरीच्या दौऱ्यावर बरोबर नेले. तेथे दोघी आजारी पडल्या. धाकटी वाचली. थोरली, अवघी दोन वर्षांची, २९ मे रोजी बुडा येथे वारली. पोरीला आपणच नेले हा सल आईच्या काळजात बसला. दुसऱ्या वर्षी मुलगा रुडॉल्फ झाला. त्याचाही ताबा आजीकडेच गेला आणि या वेळी आईने विरोधही केला नाही.

त्यानंतर तिची प्रकृती ढासळत गेली. खोकला, ताप, अन्नावरची वासना उडालेली, वारंवार रडणे. १८६० च्या अखेरीस ती मादेइरा नावाच्या दूरच्या बेटावर हवापालटाला गेली. दूर गेली की बरी होई आणि व्हिएन्नात परतली की पुन्हा आजारी पडे. अशी दोन वर्षे काढून १८६२ मध्ये ती परत आली ती निराळीच होऊन. आता ती लाजरीबुजरी सून राहिली नव्हती. आपण युरोपात सर्वांत सुंदर राणी म्हणून गाजत आहोत, लोक आपल्याला पाहायला तासन् तास उभे राहतात, नवरा आपल्या रूपापुढे नमते घेतो, हे तिला उमगले होते. १८६५ मध्ये रुडॉल्फच्या छळवादी शिक्षकाला काढून टाकायला लावून, मुलांविषयीचे सर्व अधिकार माझे, असे तिने सम्राटाला लेखी कळवले आणि मिळवले. १८६७ मध्ये हंगेरीशी समेट झाला, त्यातही तिचा वाटा होता. त्या वर्षी ८ जून रोजी ती हंगेरीची राणी म्हणून अभिषिक्त झाली. तेथील लोकांची भाषा ती मन लावून शिकली होती, म्हणून त्यांना ती आपली वाटली.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की बाई जिंकली. मलाही तसे वाटले. पण ज्या गोष्टीवर आपली सगळी किंमत उभी आहे ती गोष्ट गेली तर मागे काय उरणार, ही धास्ती तिला त्याच वेळी जडली. मुले हातची गेली होती, घर आपले नव्हते, बोलणे कोणी ऐकत नव्हते. आपले असे एकच उरले होते, ते म्हणजे रूप. मग ती त्या रूपाची पहारेकरीण झाली.

तिचे केस जवळजवळ घोट्यापर्यंत पोहोचत. ते विंचरून त्यांची रचना करायला रोज तीन तास लागत. त्यासाठी तिने नाटकगृहातली एक केशरचनाकार, फ्रान्झिस्का फाइफालिक, चांगल्या पगारावर ठेवली होती. दर तीन आठवड्यांनी अंड्याचा बलक आणि ब्रँडी लावून केस धुतले जात. तो सबंध दिवस त्यातच जाई. गळालेले केस चांदीच्या वाडग्यात घालून राणीपुढे धरावे लागत आणि ते पाहून ती खिन्न होई, असे तिच्या ग्रीक शिक्षकाने लिहून ठेवले आहे. केसांच्या भाराने डोके दुखे, तरी ते कमी करणे तिला मान्य नव्हते. एक मात्र सांगितले पाहिजे. त्या तीन तासांत ती हंगेरियन आणि ग्रीक भाषा शिकली. डोके आरशापुढे आणि पुस्तक मांडीवर.

तिची उंची १७२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घरच्या पुरुषांहूनही जास्त, आणि वजन ५० किलोच्या आतबाहेर. कंबर सुमारे २० इंच. रोज वजन करी, ते टिपून ठेवी. काटा जरा पुढे सरकला की त्या दिवशी नुसते दूध, संत्री, किंवा कच्चे मांस दाबून काढलेला रस. राजवाड्यातल्या तिच्या खोलीत कसरतीच्या कड्या आणि शिडी लावलेली होती. ती आजही व्हिएन्नात पाहायला मिळते. घोडदौड तासन् तास, आणि पायी चालणे इतके भरभर की बरोबरच्या बायका धापा टाकत. रात्री चेहऱ्याला कच्च्या मांसाचे काप बांधायची, कधी स्ट्रॉबेरी कुस्करून लावायची. १८६२ पासून तिने देशोदेशीच्या वकिलांना कळवून सुंदर स्त्रियांची छायाचित्रे मागवली होती. त्यांचे आल्बम भरले. जगातल्या सर्व देखण्या बायका एका जागी मांडून ती पाहत बसे. आपण त्यांच्यात कितव्या, हा प्रश्न तिच्या मनात येत नसेल असे मला वाटत नाही.

आता माझे कारण सांगते. माझी मुलगी बारावीनंतर कॉलेजात जाऊ लागली आणि सहा महिन्यांत जायची थांबली. अभ्यासात हुशार, घरात शहाणी. पण नाक वाईट आहे म्हणून बाहेर पडणार नाही. सकाळी न्हाणीघरात तास तास आरशापुढे. मोबाईलवर स्वतःचे फोटो काढायचे, मोठे करून पाहायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. दुसऱ्या मुलींची चित्रे पाहून रडायचे. लग्नकार्याला यायचे नाही. मी आधी रागावले. मग समजूत घातली, की तुझे नाक छान आहे. दिवसातून दहा वेळा ती विचारी, दहा वेळा मी सांगे, आणि अकराव्या वेळी ती पुन्हा विचारी. हे नटवेपणाचे चोचले आहेत, काम नाही म्हणून सुचतात, असे मी घरात बोलून गेले. ओळखीच्या एकीने नाकाची शस्त्रक्रिया सुचवली आणि आम्ही पैशांची जमवाजमवही करू लागलो होतो.

सुदैवाने एका समंजस डॉक्टरांनी आम्हाला मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवले. त्यांनी सांगितले की याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. शरीरातला एखादा बारीकसा किंवा इतरांना दिसतही नाही असा दोष माणसाला राक्षसाएवढा दिसू लागतो, दिवसाचे कित्येक तास तोच विचार, आरसा, लपवणे, लोकांना टाळणे. इटलीतील डॉक्टर एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ साली या दुखण्याचे प्रथम वर्णन करून त्याला नाव दिले. आजचे नाव १९८७ पासूनचे. शंभरात साधारण दोघांना हे असते, मुलग्यांनाही असते, आणि बहुधा वयात येताना सुरू होते.

मी विचारले, हे येते कोठून? बाई म्हणाल्या, एका कारणाने येत नाही. काही स्वभाव जन्मतःच हळवे आणि काटेकोर असतात, काही घराण्यांत मनाचे आजार चालत येतात. त्यावर लहानपणची चेष्टा, नावे ठेवणे, सतत तुलना यांची भर पडते. आपली किंमत आपल्या दिसण्यावरच आहे असे मुलाच्या मनात ठसते. एकदा ठसले की नजर सगळा चेहरा पाहायचीच सोडते आणि त्या एका ठिपक्यावर खिळते. आरशात पाहिल्याने भीती क्षणभर कमी होते आणि नंतर दुपटीने वाढते. दुसऱ्याने केलेल्या स्तुतीचेही तसेच. शस्त्रक्रियेने अशा माणसाचे बहुधा समाधान होत नाही, मन दुसरा दोष शोधते. विचार करण्याची आणि वागण्याची ही घडी हळूहळू बदलणे, आणि लागतील तर औषधे, हा त्यावरचा उपाय.

घरी येताना बसमध्ये मला आठवले की मुलीचे नाक बसके आहे हे घरात पहिल्यांदा मीच म्हटले होते. बारशाच्या दिवशी, गमतीने. आणि नंतर कितीतरी वेळा लाडाने. तेलमालिश करताना नाक ओढायचे, जावेच्या मुलीच्या नाकाशी ताडून पाहायचे. बाहेरची सासू आणायला नकोच होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्या माथी दोष मारला नाही, एवढ्याने आजार होत नाही असेच त्या म्हणाल्या. पण एवढ्याने त्यात भर पडत नाही, असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

या राणीची गोष्ट मुलीनेच शोधून काढली. रात्री भांडी झाली की ती इंग्रजीतून वाचायची आणि मला मराठीत सांगायची. एलिझाबेथला हाच आजार होता असे मी म्हणू शकत नाही. मेलेल्या माणसाची नाडी कोण पाहणार? तिचे जेवण तोडणे हा तर आणखी निराळा विषय. पण माझी मुलगी वाचता वाचता थांबे आणि गप्प बसे, तेव्हा तिला ओळखीचे कोणी भेटले आहे हे मला कळे.

राणीचे पुढचे आयुष्य लपण्यात गेले. तिशी उलटल्यावर थोड्याच वर्षांत तिने छायाचित्र काढू देणे बंद केले. त्यानंतर कोणी छायाचित्रक किंवा बघे दिसले की पंखा, छत्री किंवा जाळीचा बुरखा चेहऱ्यापुढे येई. म्हणून जगाला तिचा तरुण चेहराच ठाऊक आहे. परक्या गावी गर्दी जमली तर कधी कधी केशरचना करणारी फ्रान्झिस्का राणीचा वेष करून पुढे जाई आणि राणी मागच्या वाटेने निघून जाई. ज्या रूपासाठी एवढे कष्ट घेतले ते कोणी पाहू नये म्हणूनही तेवढेच कष्ट. नवऱ्याचे तिच्यावर आयुष्यभर प्रेम होते. मोकळ्या केसांचे तिचे चित्र त्याने आपल्या कामाच्या खोलीत टांगले होते. पण त्याच्या कौतुकाने तिची भीती गेली नाही. माझ्या दहा उत्तरांनी मुलीची गेली नाही, तशीच.

धाकटी मुलगी मारी व्हॅलेरी, १८६८ मधली, तेवढी तिने स्वतः वाढवली. ३० जानेवारी १८८९ रोजी रुडॉल्फने मायरलिंग येथे एका तरुणीसह जीव दिला. त्यानंतर राणीने काळे कपडे अंगावरून उतरवले नाहीत. कॉर्फू बेटावर तिने मोठा महाल बांधवला आणि काही वर्षांत त्यालाही विटली. आज या गावी, उद्या त्या बोटीवर. उपाशी राहून शेवटी पायांवर सूज येई.

या बाईत रूपावाचून काहीच नव्हते असे मात्र समजू नये. ती कविता लिही. वेड्यांच्या इस्पितळांना भेट देऊन रोग्यांची चौकशी करण्याची तिला ओढ होती. भेट काय हवी असे सम्राटाने एकदा विचारले तेव्हा तिने दागिना न मागता सर्व सोयींनी युक्त असे मनोरुग्णांचे इस्पितळ मागितले. सगळ्या चरित्रात मला हीच गोष्ट फार लागली. मनाचे दुखणे हे दुखणे असते आणि त्याला उपचार लागतात, हे तिला दिसत होते. स्वतःसाठी मात्र ते मागण्याची सोय राणीलाही नव्हती.

१० सप्टेंबर १८९८ रोजी ती खोट्या नावाने प्रवास करीत स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे होती. हॉटेलातून बोटीकडे पायी जाताना लुइजी लुकेनी नावाच्या इटालियन माणसाने धारदार केलेली कानस तिच्या छातीत खुपसली. कोणी धक्का दिला एवढेच तिला वाटले. उठून ती चालत बोटीपर्यंत गेली आणि तेथे कोसळली. जखम फार बारीक, आणि कंबर बारीक दिसावी म्हणून घातलेली चोळी इतकी आवळलेली की रक्त बाहेर आलेच नाही. नाड्या कापल्या तेव्हा कोठे जखम दिसली. वय साठ. व्हिएन्नातील कापुचिन मठाच्या तळघरात तिला विसावा मिळाला.

भगिनींनो, आपल्या मंडळात हळदीकुंकवाला आलेल्या मुलींकडे पाहून आपण काय बोलतो ते एकदा आठवून पाहा. अंग सुटले, रंग उतरला, मुरमे फार आली, आईसारखी नाही दिसत. यात कोणाचेही मन वाईट नसते. माझेही नव्हते. मुलगी दिसली की शब्द ओठांवर येतात, इतकेच. ते गिळून तिला काय वाचतेस, काय शिकतेस असे विचारले तर आपले काहीच जात नाही. आणि घरात कोणी आरशापुढून हलेनासे झाले असेल तर हसू नका, रागवू नका, डॉक्टरांकडे न्या. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

माझ्या मुलीचे उपचार चालू आहेत. ती आता आठवड्यातून चार दिवस कॉलेजात जाते, दोन दिवस जात नाही. हा लेख तिच्या परवानगीने लिहिला आहे. वाचून तिने दोन वाक्ये खोडली, ती मी पुन्हा घातली नाहीत.

या स्मरणिकेसाठी मंडळाचा फोटो काढला त्या दिवशी मी दरवर्षीप्रमाणे मागे न राहता दुसऱ्या रांगेत उभी राहिले. तरी ऐन वेळी हात पदराकडे गेलाच. फोटोत तो अर्ध्यावर आलेला दिसेल.